मशीनने मोजलं, पण स्लाइड कोणी बघितली?

'पेशी किती आल्या?' असं लोक विचारायला लागले की समजायचं डेंग्यूचा सीझन सुरू झाला. पेशी म्हणजे प्लेटलेट. रक्तात दुसऱ्या पण पेशी असतात हे त्या दोन-तीन महिन्यांत कोणाला आठवत नाही. पांढऱ्या पेशींबद्दल लोकांचं ज्ञान 'पांढऱ्या पेशी वाढल्यात म्हणजे इन्फेक्शन आहे' एवढ्यात संपतं, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा डॉक्टरचं पण तिथंच संपतं, कारण हिमोग्रामचा कागद हातात आला की नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते, मग प्लेटलेटवर, टीएलसीवर, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर, एक ओझरती, आणि त्याच्या खाली न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल, मोनोसाइट, बेसोफिल अशा पांढऱ्या पेशींच्या पाच प्रकारांच्या ज्या पाच ओळी असतात त्या वाचल्या तर वाचल्या. मला त्या पाच ओळींबद्दलच बोलायचंय, कारण अख्ख्या हिमोग्राममध्ये सगळ्यात जास्त थापा तिथं मारल्या जातात असं माझं मत आहे आणि ते मत लॅबमध्ये उभं राहून झालेलं आहे.

आधी एक गैरसमज काढू. आमच्या लाइनमध्ये जुन्या माणसांना, आणि बऱ्याच सिनियर डॉक्टरांना पण, 'मॅन्युअल' या शब्दाचं फार कौतुक. चिठ्ठीवर लिहून येतं, काउंट मॅन्युअली करून पाठवा. म्हणजे मशीन खोटं बोलतं आणि माणसाचा डोळा खरं बोलतो. मी ९० च्या दशकात डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केलं तेव्हा सगळंच मॅन्युअल होतं. पांढरा मणी असलेली डब्ल्यूबीसी पिपेट, तोंडाने ओढायची, ०.५ च्या खुणेपर्यंत रक्त आणि ११ च्या खुणेपर्यंत टर्कचं फ्लुइड, आणि ओढताना लक्ष हललं की व्हिनेगरसारखी ती आंबट चव थेट जिभेवर, कारण त्यात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. एकदा रक्तच आलं होतं तोंडात, ते आता आठवलं तरी अंगावर काटा येतो, तेव्हा चूळ भरून पुढचं सँपल घेतलं होतं. तर ते पातळ केलेलं रक्त न्यूबॉर चेंबरवर, म्हणजे चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचेवर, सोडायचं, चार कोपऱ्यांतले चार मोठे चौकोन मोजायचे, आलेल्या आकड्याला ५० ने गुणायचं, झाला टीएलसी.

आता हिशोब बघा. पेशंटच्या पांढऱ्या पेशी खरंच ५,००० असतील तर त्या चार चौकोनांत मला सरासरी १०० पेशी दिसणार. पण पेशी काय रांगेत उभ्या नसतात, नशिबाने कधी ८५ दिसतील कधी ११५. १०० मोजल्या तर त्यात १० चा चढउतार हा निव्वळ योगायोगाचा, म्हणजे तेच रक्त पुन्हा पुन्हा लावलं तर उत्तर ४,००० ते ६,००० च्या दरम्यान कुठंही येऊ शकतं आणि त्यात माझी काहीच चूक नाही. पिपेट नीट भरली नाही, चेंबर ओलं राहिलं, दुपारी जेवल्यावर डोळा लागला, हे सगळं त्याच्यावर वेगळं. मशीन तेच काम करताना हजारोंनी पेशी मोजतं आणि एकच सँपल दहा वेळा लावलं तरी उत्तर दोन-तीन टक्क्यांपलीकडे सहसा हलत नाही. त्यामुळे मॅन्युअल काउंट म्हणजे सोनं, असं जे म्हणतात त्यांनी बहुतेक स्वतः कधी चेंबर मोजलेलं नसतं.

डिफरन्शियलचं, म्हणजे त्या पाच प्रकारांच्या टक्केवारीचं, तर त्याहून वाईट. रक्ताचा थेंब काचेवर पातळ ओढायचा, तो स्मिअर म्हणजेच स्लाइड, तिच्यावर लीशमन नावाचा रंग चढवायचा, मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली नागमोडी सरकत १०० पेशी बघायच्या, डाव्या हाताने काउंटरची बटणं दाबायची, शंभर झाले की घंटी वाजते. शंभरच. त्या शंभरात ३ इओसिनोफिल सापडले तर ९५ टक्के खात्रीची मर्यादा जवळपास शून्यापासून ८-९ टक्क्यांपर्यंत जाते, हे रुम्के नावाच्या माणसाने कधीच कोष्टक करून ठेवलंय आणि ते कोष्टक बऱ्याच कॉलेजात शिकवतात पण लॅबमध्ये कोणी भिंतीला लावत नाही. शिवाय स्मिअर ओढताना मोठ्या पेशी शेपटीकडे आणि कडेला जातात, छोटे लिम्फोसाइट मधे राहतात, म्हणजे तुम्ही कुठं बघता त्यावर पण उत्तर बदलतं.

आता कोणी म्हणेल, तीन टक्के का आठ टक्के, काय फरक पडतो. केमोच्या पेशंटला विचारा. सांगली-लातूरकडचा माणूस परळला टाटाला ट्रीटमेंट घेतो, दोन सायकलच्या मधे गावी असतो, निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या लॅबमध्ये हिमोग्राम करतो आणि त्यावरून ठरतं की रात्रीची गाडी पकडायची का नाही. समजा टीएलसी ३,००० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के, म्हणजे एएनसी, न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा, १,२००. पण शंभर पेशींतले ४० म्हणजे खरे ३० ते ५० काहीही असू शकतात, म्हणजे एएनसी ९०० पण असेल आणि १,५०० पण. यातल्या एका आकड्याला डॉक्टर सायकल पुढे ढकलेल आणि दुसऱ्याला देईल. तिकीट, लॉज, सोबत येणाऱ्याची रजा, सगळं त्या घंटी वाजेपर्यंतच्या शंभर पेशींवर. इथं हजारो पेशी बघणारं चांगलं मशीन शंभर पेशी बघणाऱ्या माणसापेक्षा नक्की चांगलं.

म्हणजे मी मशीनच्या बाजूने आहे. पूर्ण. पण 'मशीनने केलंय म्हणजे बरोबर' हे जे आता सगळीकडे झालंय त्याच्या मी तेवढाच विरोधात आहे. मशीन कुठलं, त्याची परीक्षा कोणी घेतली, कुठल्या रक्तावर घेतली आणि मशीन स्वतःच 'मला हे नीट कळत नाहीये' असं म्हणालं तेव्हा लॅबने काय केलं, हे प्रश्न कोणी विचारत नाही.

थोडं मशीनबद्दल. शिकागोत वॉलेस कोल्टर नावाच्या इंजिनियरने एक साधी गोष्ट पकडली, मिठाच्या पाण्यातून करंट चाललाय, मधे एक बारीक भोक आहे, त्या भोकातून पेशी गेली की क्षणभर करंट अडतो, जेवढी पेशी मोठी तेवढा धक्का मोठा. धक्के मोजा, पेशी मोजल्या गेल्या. १९५३ ला त्याला पेटंट मिळालं, १९६८ ला मॉडेल एस आलं ज्याने एका दमात सात आकडे द्यायला सुरुवात केली, आणि तिथून पुढे तोंडाने पिपेट ओढणारे आम्ही हळूहळू सुटलो. पांढऱ्या पेशींसाठी आधी लाइज टाकून लाल पेशी फोडतात, उरलेल्या मोजतात. आजची थ्री-पार्ट मशीन पण मूळ याच तत्त्वावर आहेत. लाइज केल्यावर पांढऱ्या पेशी आक्रसतात, आणि त्या आक्रसलेल्या आकारावरून मशीन तीन ढीग करतं, छोटे म्हणजे लिम्फोसाइट, मोठे म्हणजे ग्रॅन्युलोसाइट आणि मधले म्हणजे 'मिड'. या मिडमध्ये मोनोसाइट असतात, काही इओसिनोफिल, बेसोफिल असतात आणि ल्युकेमिया असेल तर ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पांढऱ्या पेशी, पण तिथंच येऊन बसू शकतात. लोकलच्या डब्यात चौथी सीट असते तसं आहे ते, कोण बसलंय काही सांगता येत नाही.

फाइव्ह-पार्ट मशीन वेगळं. त्यात कोणी लेझरचा प्रकाश कसा विखुरतो ते बघतं, कोणी न्यूक्लिक अ‍ॅसिडला चिकटणारा फ्लुरोसंट रंग वापरतं, कोणी पेशीतल्या पेरॉक्सिडेजला रंगवतं, आणि त्यावरून पाच प्रकार वेगळे काढतात. त्यात पण गंमत आहे, ज्या माणसाच्या पेशींत जन्मापासूनच मायलोपेरॉक्सिडेज कमी असतं त्याचे न्यूट्रोफिल पेरॉक्सिडेजवाल्या मशीनला न्यूट्रोफिल वाटतच नाहीत, आणि तेच रक्त शेजारच्या लॅबमधल्या दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर एकदम नॉर्मल. दोन्ही मशीन आपापल्या जागी बरोबर आहेत, त्या एकाच गोष्टीला दोन वेगळ्या खिडक्यांतून बघतायत. पेशंट मात्र दोन रिपोर्ट हातात घेऊन म्हणतो, लॅबवाले लुटारू आहेत.

लुटारू नाहीत असं मी म्हणणार नाही पण. सांगतो. मी एका तालुक्याच्या गावी काही महिने एका लॅबमध्ये होतो, नाव सोडा. मशीन थ्री-पार्ट. रिपोर्ट मात्र पाच ओळींचा, कारण डॉक्टरांना पाच ओळींची सवय आणि पेशंटला पाच ओळी दिसल्या की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. मग कॉम्प्युटरमध्ये फॉरमॅटच तसा बनवलेला, ग्रॅन्युलोसाइटच्या आकड्यातून थोडं काढायचं आणि इओसिनोफिल ०२, मोनोसाइट ०३, बेसोफिल ०० हे आधीच छापलेलं यायचं. कुठलीही स्लाइड न बघता. त्यात एक रिक्षावाला यायचा, चार-पाच महिन्यांपासून खोकला, रात्री दम लागायचा, तीनदा हिमोग्राम झालेला आणि तिन्ही वेळा इओसिनोफिल ०२. टीएलसी १४,००० म्हणून दरवेळी इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक. चौथ्यांदा मी सहज म्हणून स्लाइड लावली तर फील्डच्या फील्ड लालकेशरी दाण्यांचे इओसिनोफिल, मोजले तर ४१ टक्के. १४,००० चे ४१ टक्के म्हणजे पावणेसहा हजाराच्या आसपास. इओसिनोफिल एवढे वाढले की आधी अ‍ॅलर्जी नाहीतर जंत शोधायचे असतात. मशीनने काही खोटं सांगितलं नव्हतं, त्याने 'ग्रॅन्युलोसाइट ७२' म्हटलं होतं आणि इओसिनोफिल हा ग्रॅन्युलोसाइटच आहे. खोटं बोलला तो फॉरमॅट, आणि तो फॉरमॅट माणसाने बनवलेला.

ही एका लॅबची गोष्ट असती तर मी लिहिलं नसतं. लाइनमधल्या कुठल्याही टेक्निशियनला खाजगीत विचारा, तो हसेल.

आता परीक्षेकडे येऊ, कारण मोठ्या लॅबमध्ये असं होत नाही, तिथं मशीन घेताना रीतसर व्हॅलिडेशन होतं, फाइल असते. ती फाइल मी बघितलीय बऱ्याच वेळा. पहिल्या पानावर ग्राफ, जुनं मशीन आडवं नवीन मशीन उभं, ठिपके एका रेषेत आणि खाली आर, म्हणजे सहसंबंधाचा आकडा, ०.९९ (१ म्हणजे सगळे ठिपके तंतोतंत एका रेषेत). झालं, सगळे खूश, कंपनीचा इंजिनियर पेढे खाऊन जातो. पण दोन घड्याळं घ्या, त्यातलं एक कायम दहा मिनिटं पुढं, त्यांचा आर पण १ च येणार आणि तुमची गाडी तरी चुकणारच. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ ला लॅन्सेटमध्ये हेच सांगितलं, की दोन पद्धती एकमेकांशी जुळतात का हे बघायचं तर दोघींतला फरक काढा, तो फरक किती आणि कुठल्या बाजूला झुकलेला आहे ते बघा. हे सांगून जवळपास चाळीस वर्षं झाली तरी आमच्या फायलीत आर ०.९९ च. आणि वर उलटं पण होतं, बेसोफिलचा आर ०.३ आला की लोक घाबरतात, अरे ० ते १ च्या मधे सगळे ठिपके कोंबलेत, तिथं आर येणार कुठून.

दुसरं म्हणजे कॅरीओव्हर. ल्युकेमियाचं सँपल लागलं, पांढऱ्या पेशी २ लाख, त्याच्या लगेच मागे केमोचा पेशंट, खरा काउंट ६००. मागच्या सँपलचा अर्धा टक्का जरी सुईत, नळीत राहिला तरी १,००० पेशी फुकटच्या आल्या, ६०० चे १,६०० झाले. अर्धा टक्का ऐकायला काहीच वाटत नाही. तपासायची रीत सोपी आहे, जास्त काउंटचं एक रक्त तीनदा लावा, मागोमाग कमी काउंटचं तीनदा लावा, कमीच्या पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यात किती फरक पडतो ते बघा. दहा मिनिटांचं काम. इन्स्टॉलेशनच्या दिवशी एकदा होतं, मग मशीन बंद पडेपर्यंत परत कोण करतं.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. हे सगळं व्हॅलिडेशन होतं कोणाच्या रक्तावर? बहुतेक वेळा स्टाफच्या आणि हेल्थ चेकअपला आलेल्या लोकांच्या. नॉर्मल रक्त. नॉर्मल रक्तावर आजचं कुठलंही बरं मशीन पास होतं, त्याच्यासाठी परीक्षाच नको. दहावीच्या मुलाला पाढे विचारून पहिल्या नंबरात पास केल्यासारखं आहे ते. मशीन घसरतं ते विचित्र रक्तावर, आणि आपल्याकडे विचित्र रक्ताची कमी नाही.

मलेरियाच घ्या. मुंबईत पावसाळ्यात व्हायवॅक्स असतोच. न्यूट्रोफिलने मलेरियाचं काळं पिगमेंट गिळलेलं असतं, आणि लेझर त्यावर पडला की काही मशीनना तो न्यूट्रोफिल इओसिनोफिल वाटतो. रिपोर्टवर इओसिनोफिल वाढलेले, स्लाइडवर एक पण नाही. जाणता टेक्निशियन असेल तर मशीनच्या स्कॅटरग्रामवरचा, म्हणजे पेशींच्या आलेखावरचा, ठिपक्यांचा वेडावाकडा ढग बघूनच म्हणतो, पॅरासाइट शोधा रे, आणि मिळतो, डॉक्टरने मलेरिया लिहिलेला पण नसताना. म्हणजे मशीनची चूक वाचता आली तर ती चूक पण कामाची. वाचता नाही आली तर पेशंट जंताचं औषध घेऊन घरी.

किंवा सिकल सेल. विदर्भात, नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलचे पेशंट भरपूर, क्रायसिसमध्ये, म्हणजे आजार उसळला की, त्यांच्या रक्तात केंद्रक असलेल्या कच्च्या लाल पेशी येतात, एनआरबीसी. लाइजने साध्या लाल पेशी फुटतात, पण यांचं केंद्रक उरतं आणि साधं मशीन त्याला पांढरी पेशी समजून मोजतं. मशीन म्हणालं २२,०००, स्लाइडवर १०० पांढऱ्या पेशींमागे ६० एनआरबीसी दिसल्या, तर २२,००० गुणिले १०० भागिले १६०, खरा काउंट १३,७५०. भारी मशीन हल्ली एनआरबीसी वेगळ्या मोजून स्वतःच वजा करतात, पण भारी मशीन असतं शहरात आणि सिकलचा पेशंट असतो धडगावात. ज्याला चांगल्या मशीनची गरज जास्त त्याच्या वाट्याला साधं मशीन, आणि साध्या मशीनला स्लाइडची जोड जास्त लागते तिथंच स्लाइड बघणारा माणूस नाही. हे सगळं उलटं झालंय.

प्लेटलेटचे गठ्ठे झाले, लाइजला दाद न देणाऱ्या लाल पेशी निघाल्या, ते आकडे पण पांढऱ्यांतच जातात, आता प्रत्येकाचं सांगत नाही.

मशीन बनवणाऱ्यांना हे माहीत नाही असं नाही. म्हणून तर फ्लॅग असतात, आकड्याच्या शेजारी ती चांदणी, नाहीतर 'ब्लास्ट?' 'अ‍ॅटिपिकल लिम्फ?' असं बाजूला येतं. माझ्या मते मशीन किती अचूक मोजतं यापेक्षा ते योग्य वेळी हात वर करतं का, हीच त्याची खरी परीक्षा, आणि मशीनने हात वर केल्यावर माणूस उठून मायक्रोस्कोपकडे जातो का ही लॅबची. २००५ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने स्लाइड कधी बघायचीच याचे ४१ नियम काढले, १५ लॅबमधल्या १३,२९८ नमुन्यांवर तपासले, तेव्हा २.९ टक्के नमुने असे निघाले की ज्यात काहीतरी होतं आणि नियमांनी पकडलं नाही, आणि १८.६ टक्के असे की ज्यांत उगाच स्लाइड बघावी लागली. म्हणजे शंभरातले एकोणीस जणांसाठी फुकट मेहनत, तरी पण तीन सुटले. यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, सगळं पकडणारा नियम नाही. दुसरी म्हणजे ते नियम जसेच्या तसे उचलून आपल्याकडे लावता येणार नाहीत. त्यात एक नियम आहे, पेशंटचा पहिलाच रिपोर्ट असेल आणि टीएलसी ४,००० च्या खाली किंवा ३०,००० च्या वर गेला तर स्लाइड बघा. आता ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पुण्यात तापाच्या पेशंटचा हिमोग्राम करा, डेंग्यूमध्ये २,५०० म्हणजे रोजचंच, निम्मी ट्रे मायक्रोस्कोपखाली जाईल, आणि मग तिसऱ्या दिवशी कंटाळून कोणीच काही बघणार नाही. नियम आपले आपल्या रक्तावर बसवून घ्यावे लागतात, त्याला महिना-दीड महिना रोज फ्लॅग आलेल्या आणि न आलेल्या, दोन्ही प्रकारच्या स्लाइड बघून वही भरावी लागते. न आलेल्या पण, हे महत्त्वाचं. फ्लॅग नाही त्या स्लाइड बघितल्याच नाहीत तर किती सुटले हे कळणार कसं?

एक तिढा प्रामाणिकपणे सांगतो. मशीनची परीक्षा घ्यायची तर तुलना कशाशी? तर डोळ्यांनी केलेल्या मोजणीशीच. अमेरिकेतल्या सीएलएसआय संस्थेची रीत अशी की दोन जाणकार माणसांनी प्रत्येकी २०० पेशी बघायच्या, मिळून ४००. हजारो पेशी बघणाऱ्याला ४०० वाला मार्क देणार. बेसोफिलसारख्या दुर्मिळ पेशीसाठी तर परीक्षकच विद्यार्थ्यापेक्षा कच्चा, चारशेत दोन-तीन दिसणार, त्यावर काय मत बनवायचं. म्हणून प्रत्येक प्रकारच्या पेशीला ओळखून चिकटणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी लावून फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे लेझरसमोरून एकेक पेशी नेऊन, मोजणं हेच रेफरन्स धरावं असं म्हणणारे लोक आहेत आणि मोजणीपुरतं मला ते पटतं. पण चेहरा ओळखायचा असेल, हा ब्लास्ट का डेंग्यूतला फुगलेला लिम्फोसाइट, तर अजून तरी अनुभवी डोळाच लागतो. हल्ली स्लाइडचे फोटो काढून एआयने वर्गवारी करणारी मशीन आलीत, चांगली आहेत, पण त्यांना पण तोच प्रश्न, कुठल्या लोकांच्या स्लाइडवर शिकलात?

आणि रक्त किती शिळं आहे? हे तर कोणीच विचारत नाही. आता जमाना कलेक्शन सेंटरचा. सरकारी असो की खाजगी, गावात रक्त घ्यायचं, डब्यात भरून मोटरसायकलवर, मग एसटीने, जिल्ह्याच्या मोठ्या लॅबला. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या ट्यूबमध्ये एकूण काउंट दिवसभर बऱ्यापैकी टिकतो, पण पेशींचे चेहरे बिघडायला लागतात, न्यूट्रोफिलची केंद्रकं गोल होत जातात, मोनोसाइटमध्ये पोकळ्या पडतात, त्यात एप्रिल-मेचा विदर्भ म्हटल्यावर काय होत असेल बघा. मशीन मग फ्लॅगवर फ्लॅग देतं आणि स्लाइड काढली तर ती पण वाचण्यासारखी नाही, स्लाइड दोन-चार तासांत ओढायला हवी. सेंटरवरच ताज्या रक्ताची स्लाइड ओढून, वाळवून ट्यूबसोबत पाठवली तर प्रश्न सुटतो. काच दोन रुपयाची. पण त्यासाठी स्मिअर ओढता येणारा मुलगा लागतो आणि सेंटरवर तर फक्त सुई टोचता येणारा ठेवलाय, तो पण आठ हजारावर.

लॅबवाल्यांची बाजू मला माहीत आहे, मी त्यांच्यातलाच. हिमोग्रामचे दोन-अडीचशे मिळतात, त्यातून रिएजंट, भाडं, पगार आणि बाकीचं जे काय द्यावं लागतं ते. मशीन बरोबर मोजतंय का ते तपासायच्या, आकडा आधीच माहीत असलेल्या कंट्रोल ब्लडच्या तीन बाटल्या महाग, उघडल्या की थोड्याच दिवसांत संपवाव्या लागतात, त्यामुळे छोटा लॅबवाला आठवड्यातून एकदा लावतो, नाहीतर इन्स्पेक्शन असेल तेव्हा. पॅथॉलॉजिस्ट तालुक्याला मिळत नाही. २०१७ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी, त्यावर आपल्याकडे किती भांडणं झाली, टेक्निशियन एकीकडे डॉक्टर एकीकडे. मला त्या भांडणात एक मजा वाटायची की सही कोणाची यावर सगळे भांडत होते आणि सहीच्या वरचे आकडे कसे आले यावर कोणीच नाही. चार तालुक्यांतल्या रिपोर्टवर एकाच साहेबांची स्कॅन केलेली सही उमटते, साहेब कुठं आहेत ते साहेबांनाच माहीत.

बाहेर काय चाललंय? अमेरिकेत लॅबना बाहेरून नमुने पाठवून परीक्षा घेतात आणि ती कायद्याने सक्तीची आहे, त्यात पांढऱ्या पेशींच्या काउंटला आधी १५ टक्के इकडेतिकडे चालायचं, जानेवारी २०२५ पासून १० टक्केच. आपल्याकडे पण हिमॅटॉलॉजीसाठी दिल्लीच्या एम्समधून अशी योजना चालते, चांगली चालते, पण भाग घ्यायचा की नाही ते तुमच्या मनावर. एनएबीएलचं मानांकन पण ऐच्छिक. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. किराणा दुकानात वजनकाटा तपासून त्यावर शिक्का मारायला वैधमापनवाले येतात, मी एवढ्या वर्षांत सेल काउंटरवर शिक्का मारायला आलेला माणूस बघितला नाही. कांदे तोलायच्या काट्याला जेवढी शिस्त तेवढी पण नाही.

तरी मी लगेच कायदा करा म्हणत नाही, कायदा आला की एक फाइल वाढते आणि एक हप्ता. मला त्याआधी एक छोटी गोष्ट हवी आहे आणि तिला जवळपास काहीच खर्च नाही. रिपोर्टच्या खाली मशीन थ्री-पार्ट का फाइव्ह-पार्ट ते लिहा. थ्री-पार्ट असेल आणि स्लाइड बघितली नसेल तर तीनच ओळी द्या, पाच देऊ नका. फ्लॅग आला होता का, स्लाइड बघितली का, बघितली तर किती पेशी मोजल्या. रक्त किती वाजता काढलं आणि मशीनवर किती वाजता लागलं. ट्यूबवर बारकोड असतो, मशीनमध्ये घड्याळ असतं, ही सगळी माहिती लॅबकडे आधीच आहे, सॉफ्टवेअरवाल्याला एक फोन केला तर संध्याकाळपर्यंत फॉरमॅट बदलतो, तो ०२-०३-०० चा फॉरमॅट पण असाच कोणीतरी एका संध्याकाळी बनवला होता.

याने गिऱ्हाईक पळेल असं एक लॅबवाला मित्र मला म्हणाला. 'स्लाइड बघितली नाही' असं आपल्याच रिपोर्टवर आपणच छापायचं, वेडा आहेस का तू? मी म्हटलं मग बघ ना स्लाइड. तो म्हणाला दिवसाला शंभर सँपल आहेत. मी म्हटलं शंभर नको बघू, फ्लॅग आलेल्या बघ, आणि बाकीच्यांवर लिही की मशीनवरून दिलंय, त्यात लाज कसली, चांगलं मशीन आहे तुझं. विषय तिथंच राहिला. पुढच्या आठवड्यात माझ्या मेव्हणीचा हिमोग्राम त्याच्याकडेच केला, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला, आकडे नेहमीसारखेच, खाली मात्र बारीक अक्षरात एक नवीन ओळ होती: फाइव्ह-पार्ट अ‍ॅनालायझर, फ्लॅग नाही, स्लाइड पाहिली नाही, नमुना ७.४०, तपासणी १०.१५.